परवाना माणसाचा, बंदूक घरातली

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चित्रपट अभिनेते गोविंदा हे कोलकात्याला जाण्यासाठी मुंबईतील जुहू येथील आपल्या घरातून निघण्याच्या तयारीत होते. त्यांच्या व्यवस्थापकांनी नंतर दिलेल्या माहितीनुसार, निघण्यापूर्वी परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत असताना ते हातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात शिरली. घरात चोर शिरला नव्हता, कुणाशी भांडण झाले नव्हते. एक गृहस्थ आपले शस्त्र जागच्या जागी ठेवत होता, इतकेच. शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली व प्रकरण तेवढ्यावर निभावले. तथापि, या घटनेने घरात परवान्याचे शस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येकासमोर एक जुनाच प्रश्न नव्याने उभा केला. शस्त्र भरलेले व हाताशी असावे, की रिकामे व कुलपात असावे?

नागपूर आणि परिसरासाठी हा प्रश्न केवळ चित्रपटसृष्टीतील बातमीचा नाही. सराफा, बांधकाम व्यवसाय, वाहतूक, पेट्रोलपंप यांसारख्या रोख रकमेशी संबंधित धंद्यांतील अनेकजण स्वसंरक्षणासाठी परवाना मागतात. शहराबाहेर पडले, की उमरेड, रामटेक, काटोल या बाजूच्या गावांत वडिलोपार्जित दुनळी अजूनही भिंतीवर किंवा फडताळात आढळते. या दोन्ही घरांची गरज वेगळी आहे, शस्त्रही वेगळे आहे. पण ते ठेवायचे कसे, याबाबतचा गोंधळ मात्र सारखाच आहे.

या गोंधळाला थोडा इतिहास आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने लोकांच्या हातातील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण स्वीकारले व १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्याला पक्के रूप दिले. ज्यांच्यावर सरकारची मर्जी, त्यांनाच बंदूक बाळगण्याची मुभा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. त्यामुळे मध्य प्रांतात मालगुजाराच्या बैठकीत टांगलेली बंदूक ही संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेची खूण अधिक होती. याच कायद्याविरुद्ध १९२७ साली नागपुरात मंचरशा आवारी यांनी उघडपणे शस्त्रे धारण करून सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला. महात्मा गांधींनी त्या सत्याग्रहाला पाठिंबा दिला नाही. पण 'जनरल आवारी' हे नाव नागपूरकरांच्या तोंडी कायमचे बसले. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचा मार्ग बंद केला. बंदूक भिंतीवर राहिली, तिचे कामच उरले नाही. आज अशा अनेक बंदुका केवळ आजोबांची आठवण म्हणून घरात आहेत, आणि ज्या वस्तूचे रोजचे काम नसते तिच्याकडे दुर्लक्ष होणे हा मनुष्यस्वभाव आहे.

परवाना कोणाचा?

घरातील शस्त्र कसे ठेवावे, याचा विचार करताना बहुतेकजण कपाट, कुलूप, किल्ली येथून सुरुवात करतात. खरी सुरुवात परवान्याच्या कागदापासून व्हावयास हवी. तो कागद घराच्या नावे नसतो. तो एका व्यक्तीच्या नावे असतो. नागपूर शहराच्या हद्दीत तो पोलिस आयुक्त देतात व ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. देताना त्या एका व्यक्तीचे चारित्र्य, तिला असलेला धोका, तिची मानसिक व शारीरिक प्रकृती तपासली जाते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी तर अर्जदाराकडून शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी, अशा तीनही गोष्टी मागितल्या आहेत. ही हमी अर्जासोबतच्या कागदांच्या गठ्ठ्यात सही करून दिली जाते आणि पुष्कळदा तेथेच विसरली जाते.

याचा अर्थ असा, की पत्नी, मुलगा, भाऊ, घरगडी, वाहनचालक यांपैकी कुणालाही त्या शस्त्राचा ताबा घेण्याचा अधिकार नाही. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्राने दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणाला नेऊ शकते, एवढी सवलत कायद्यात आहे. पण 'मी गावाला चाललो, रात्री काही वाटले तर कपाटात आहे' असे बायकोला सांगून जाण्याची सवलत त्यात नाही. २१ वर्षांखालील व्यक्तीला तर बंदूक जवळ बाळगण्यास कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे महाविद्यालयात जाणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाला किल्लीची जागा ठाऊक असणे ही कौतुकाची बाब नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात 'ताबा' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करताना म्हटले होते, की शस्त्र प्रत्यक्ष हातातच असले पाहिजे असे नाही. त्यावर जाणीवपूर्वक सत्ता व नियंत्रण असले, तरी तो ताबाच होय. ही व्याख्या घराला लावून पाहावी. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याकडे नियंत्रण जाते.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. घरातील इतरांना शस्त्रापासून दूर ठेवणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे वाटते. एकत्र कुटुंबात थोरल्या भावाने धाकट्यापासून किल्ली लपवली, तर घरात कुरबूर होते. परंतु ज्या जबाबदारीसाठी कायदा एकाच माणसाला तपासतो, ती जबाबदारी चौघांत वाटता येत नाही. घरात आणखी कुणाला खरोखर गरज असेल, तर त्याने स्वतः अर्ज करावा, प्रशिक्षण घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात व परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे, हेही येथेच नोंदवून ठेवलेले बरे.

गोदरेजचे कपाट आणि त्याची किल्ली

बहुतेक मराठी घरांत मौल्यवान वस्तूंची जागा ठरलेली असते. लोखंडी कपाट, त्यातील आतला लॉकर, त्यात दागिने, घराची कागदपत्रे, मुदत ठेवींच्या पावत्या आणि शस्त्र असेल तर तेही तेथेच. कपाट मजबूत असते, यात शंका नाही. प्रश्न किल्लीचा आहे. ती गादीखाली, देवघरातील कोनाड्यात, कॅलेंडरच्या मागच्या खिळ्याला किंवा स्वयंपाकघरातील डाळीच्या डब्यात असते आणि ही जागा घरातील लहान मुलापासून धुणेभांडी करणाऱ्या बाईपर्यंत सर्वांना माहीत असते. लग्नसराईत दागिने काढताना तोच लॉकर दहा वेळा उघडतो. ज्या कपाटाला घरातील प्रत्येकाचा हात लागतो, ते शस्त्रासाठी कपाट उरत नाही.

म्हणून पहिली सुधारणा खर्चिक नाही. शस्त्राची पेटी वेगळी असावी. जाड पत्र्याची, भिंतीला किंवा जमिनीला आतून बोल्टने पक्की केलेली, म्हणजे ती पेटीच उचलून नेता येणार नाही. तिची किल्ली एकच व ती परवानाधारकाच्या अंगावर. दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येते. काडतुसांना वेगळी पेटी, वेगळे कुलूप. दोन्ही एकाच कपाटात वर-खाली असल्या तरी चालेल. पण दोन्हींना एकच किल्ली नको. घरात लहान मूल असेल, तर चापाला लावायचे कुलूप किंवा नळीतून ओवायची तारेची साखळी हा आणखी एक अडसर ठेवावा. सर्वांत मोठी चूक म्हणजे उंचावर ठेवले म्हणजे सुरक्षित ठेवले, हा समज. आठ वर्षांच्या मुलाला स्टूल कोठे असते हे ठाऊक असते, आणि मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ऊन ४५ अंशांवर गेलेले असताना, घरात कोंडलेल्या मुलांना माळ्यावरची प्रत्येक पेटी उघडून पाहण्यास भरपूर वेळ असतो.

शस्त्र रिकामे आहे, हे गृहीत धरण्याची सवय तेवढीच घातक. पिस्तुलाचे मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नव्हे. एक काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये राहिलेले असू शकते. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग सरकता भाग मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचा आणि बोटानेही चाचपायचा, हाच क्रम. उलट क्रमाने केल्यास मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते. रिव्हॉल्व्हरची तऱ्हा निराळी. जुन्या घडणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो. शस्त्र पडून घोड्यावर आघात झाला, की गोळी सुटू शकते. म्हणूनच पूर्वीचे जाणते लोक घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. नव्या घडणीत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर असतो. पण वीस-तीस वर्षे जुन्या, झिजलेल्या शस्त्राच्या अडसरावर भरवसा ठेवण्यापूर्वी परवानाप्राप्त कारागिराकडून त्याची तपासणी करून घ्यावी, हे श्रेयस्कर.

बाराबोरच्या दुनळीचे एक सोयीचे वैशिष्ट्य आहे. ती कसल्याही हत्यारावाचून तीन भागांत सुटी होते. नळ्या एकीकडे, नळ्यांखालचा लाकडी भाग दुसरीकडे आणि चाप व दस्ता तिसरीकडे. जिचे रोजचे काम नाही अशी दुनळी जोडून भिंतीवर टांगण्यात काहीच अर्थ नाही. सुटी करून नळ्या एका कपाटात आणि दस्ता दुसऱ्यात ठेवला, तर चोराच्या हाती लागले तरी निम्मेच लागते. बैठकीची शोभा जाते हे खरे. पण पाहुण्यांना बंदूक दाखवणे म्हणजे ती घरात आहे, हे गावाला सांगणे होय.

विदर्भातील हवेचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यातील कोरड्या झळा लाकडी दस्त्याला तडे पाडतात, तर जुलै-ऑगस्टमधील दमट हवा नळीला गंज चढवते. चामड्याच्या म्यानात शस्त्र कायमचे ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते आणि त्यातील कमावण्याची द्रव्ये धातू खातात. नळी पुसून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, सुती कापडात ठेवणे व पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकणे पुरेसे असते. जुनी कागदी आवरणाची बाराबोरची काडतुसे पावसाळ्यात फुगतात व नळीत अडकतात. आजोबांच्या काळातील अशी काडतुसे घरात असतील, तर ती फेकूनही देऊ नयेत आणि उडवूनही पाहू नयेत. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात विचारणा करून जमा करावीत.

'पटकन' म्हणजे किती पटकन?

येथवर वाचून कुणी विचारील, की इतकी कुलपे लावली तर रात्री दार तोडून आत शिरणाऱ्या दरोडेखोरापुढे त्या शस्त्राचा उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. संरक्षणासाठी घेतलेले शस्त्र संरक्षणाच्या क्षणी हाती लागले नाही, तर ते नसल्यासारखेच.

पण तो क्षण कसा येतो, हे शांतपणे पाहिले पाहिजे. नागपुरातील घरफोडीच्या बातम्या नियमाने वाचणाऱ्यांना ठाऊक असते, की चोर बहुधा कुलूपबंद घर शोधतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, दिवाळी, लग्नासाठी परगावी गेलेले कुटुंब, अशा वेळी उशीखाली ठेवलेले पिस्तूल कुणाचेच रक्षण करीत नाही; ते स्वतःच चोरीचा माल बनते आणि बेकायदा बाजारात जाते. घरात माणसे असताना होणारा हल्ला हा त्या मानाने विरळा प्रसंग. त्यासाठी पहिला बचाव लोखंडी जाळीचा दरवाजा, आतून लागणारा अडसर, अंगणातील दिवा, भुंकणारे कुत्रे आणि ११२ क्रमांकावर गेलेला दूरध्वनी हा असतो. ही सर्व साधने एकच गोष्ट मिळवून देतात, ती म्हणजे वेळ. दार तुटायला दोन मिनिटे लागत असतील, तर पेटी उघडायला लागणारी दहा-पंधरा सेकंदे ही अडचण राहत नाही. ज्यांच्या घराचे मागील दार एका लाथेत उघडते, त्यांनी पिस्तुलाच्या आधी सुताराला बोलवावे.

ज्यांना खरोखर धोका आहे, उदाहरणार्थ धमक्या आलेले व्यापारी किंवा साक्षीदार, त्यांच्यासाठी पलंगाजवळ भिंतीत बसवायची लहान पेटी हा व्यवहार्य मार्ग आहे. आकड्यांची कळ दाबून किंवा बोटाच्या ठशाने ती काही सेकंदांत उघडते. मात्र तिच्या मर्यादा जाणून घ्याव्यात. बॅटरी संपते. घामाने ओले झालेले किंवा चुन्या-सिमेंटच्या कामाने झिजलेले बोट यंत्राला ओळखू येत नाही. जन्मतारीख हा आकडा ठेवला, तर मुलगा पहिल्याच प्रयत्नात उघडतो. म्हणून अंधारात, डोळे मिटून, रिकाम्या शस्त्रानिशी ती उघडण्याचा सराव महिन्यातून एकदा तरी करावा व बॅटरी ठरलेल्या तारखेला बदलावी. एक शिस्त याहूनही साधी आहे. शस्त्र एकतर परवानाधारकाच्या अंगावर असावे, नाहीतर कुलपात. टेबलाचा खण, गाडीचा डॅशबोर्ड, उशी, दुकानातील गल्ला या मधल्या जागा मोजूच नयेत. रात्री पेटीत ठेवलेले शस्त्र सकाळी उठल्यावर पुन्हा रिकामे करून मोठ्या पेटीत जावे; घरातील वर्दळ दिवसा असते.

झोपेतून दचकून उठलेल्या माणसाच्या हाती उशीखालचे भरलेले पिस्तूल असणे, हेही सुरक्षित नाही. अंधारात पाणी प्यायला उठलेली आई आणि खिडकीतून आत आलेला चोर यांतील फरक पहिल्या दोन सेकंदांत कळत नाही. पेटी उघडण्यास लागणारा अवधी माणसाला पुरते जागे करतो, त्याला दिवा लावायला आणि 'कोण आहे' असे ओरडून विचारायला भाग पाडतो. त्या अर्थाने कुलूप हे परवानाधारकाचेही रक्षण करते.

कायद्याचेही भान हवे. भारतीय न्याय संहितेने खासगी संरक्षणाचा हक्क पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच कायम ठेवला आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घरफोडी करणाऱ्याविरुद्ध हा हक्क प्रसंगी प्राण घेण्यापर्यंत जातो. परंतु आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल, तर हा हक्कच उरत नाही. कुंपणावरून उडी मारून पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणाऱ्याला न्यायालयात 'संरक्षण' हा शब्द फारसा तारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. तेव्हा त्या देशातील चित्रपट किंवा ध्वनिचित्रफिती पाहून पलंगाशेजारी भरलेली बंदूक ठेवणाऱ्यांनी, मागचा कायदाही तेथलाच आहे असे समजू नये.

शस्त्र कोणाच्या हाती लागते?

महाराष्ट्राने घरातल्या शस्त्राची किंमत अनेकदा मोजली आहे. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीतील घरी प्रमोद महाजन यांच्यावर त्यांचे धाकटे बंधू प्रवीण यांनी गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. ते पिस्तूल परवान्याचे होते. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. पोलिसांच्या तपासानुसार हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवाना असलेले होते. पहिल्या घटनेत परवानाधारकच मारेकरी ठरला, आणि त्याला कोणतेही कुलूप रोखू शकले नसते, हे मान्य करावे लागेल. दुसरी घटना मात्र थेट ताब्याची आहे. परवाना एकाचा, चापावरील बोट दुसऱ्याचे. नोकराचे शस्त्र मालकाच्या खोलीत किंवा मालकाचे नोकराच्या खोलीत ठेवण्याची जी पद्धत अनेक बंगल्यांत व कार्यालयांत रूढ आहे, ती किती महागात पडू शकते, हे त्यातून दिसले.

एक धोका असा आहे, की ज्याविषयी घरात बोलले जात नाही. इस्रायलच्या सैन्याने २००६ साली जवानांना सुटीवर जाताना बंदूक घरी नेण्यास बंदी केली. पुढील काळात तरुण जवानांमधील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले व ही घट प्रामुख्याने आठवडाअखेरच्या सुटीतील होती. जवान तेच होते, त्यांचे ताणही तेच होते. हाताशी असलेले साधन तेवढे दूर गेले. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बंदूक रिकामी ठेवणे, कुलपात ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे व ती वेगळ्या जागी ठेवणे, या चारही सवयींचा संबंध मुले व कुमारवयीनांना होणाऱ्या इजा कमी असण्याशी आढळला होता. विदर्भाला हे परक्या देशातून शिकण्याची खरे तर गरज नाही. कीटकनाशकाचा डबा घरात उघड्यावर असणे आणि कुलपात असणे यांत काय अंतर आहे, हे कापूस पिकवणाऱ्या गावांनी फार जवळून पाहिले आहे. निराशेची लाट पुष्कळदा काही तासांची असते, आणि तेवढे तास निभावून नेणे महत्त्वाचे असते. घरात कुणी खचलेले असेल, मग तो परवानाधारक स्वतः का असेना, तर शस्त्र काही महिन्यांसाठी घराबाहेर जमा करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. मानसिक आधारासाठी १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

कपाटाबाहेरचे दिवस

वर्षातून काही दिवस शस्त्र कपाटाबाहेर येते. खंडेनवमी-दसऱ्याला ते पाटावर मांडून पूजले जाते. त्या दिवशी घरात पाहुणे, मुले, फुले, प्रसाद यांची गडबड असते. पूजेपूर्वी परवानाधारकाने ते स्वतः रिकामे करून दोनदा तपासावे, काडतुसे पाटावर मांडूच नयेत, आणि आरती झाली की सर्वप्रथम तेच पेटीत जावे. मिरवणुकीत किंवा वरातीत हवेत बार काढण्याची हौस तर आता थेट गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. पूर्वी त्या सरसकट निघत. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली याबाबत निर्देश दिल्यानंतर छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून निर्णय घ्यावा, अशी पद्धत आली. अनेकांना ही नोटीस अपमान वाटते. परंतु ज्यांना शस्त्राची रोजची गरज नाही, त्यांच्यासाठी ती एक वार्षिक तपासणीही ठरू शकते. शस्त्र पेटीतून काढणे, क्रमांक परवान्याशी ताडून पाहणे, काडतुसे मोजणे, पावती घेणे, हे सारे त्यानिमित्ताने होते. लांबच्या प्रवासाला निघतानाही विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात ते रीतसर जमा करण्याची चौकशी करावी. शस्त्र हरवले किंवा चोरीस गेले, तर त्याच क्षणी पोलिस ठाणे गाठले पाहिजे. 'आधी घरात नीट शोधू' म्हणून चार दिवस काढणाऱ्याला पुढे ते चार दिवस समजावून सांगावे लागतात. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. दंडाची रक्कम आजच्या काळात हास्यास्पद वाटेल. पण हयगयीने कुणाचा जीव गेला तर न्याय संहितेखाली पाच वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते, आणि परवाना जातो तो वेगळाच.

जंगलालगतच्या गावांसाठी आणखी एक नियम आहे, जो फारसा कुणाला माहीत नसतो. अभयारण्यात किंवा त्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या नावाची नोंद वनखात्याकडे करावयाची असते, आणि अशा भागात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला यांच्या भोवतालची कितीतरी गावे या टापूत येतात. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक मिळाली, म्हणजे रोही किंवा रानडुक्कर मारण्याची परवानगी मिळाली असे नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. शेतातील मचाणावर वा झोपडीत भरमार बंदूक ठासून तशीच ठेवून घरी जेवायला येणे ही या भागातील जुनी सवय. ठासणीच्या बंदुकीतील बार सहजासहजी काढता येत नाही, म्हणून ती भरलेलीच राहते. राखणीला निघतानाच ठासावी आणि रात्र संपली की बंदूक माणसाबरोबर घरी यावी, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

राहता राहिला प्रश्न परवानाधारकाच्या पश्चात काय, याचा. वडील जातात, तेराव्यापर्यंत घर दुःखात असते, नंतर वारसनोंदी, बँका, पेन्शन यांत सहा महिने सरतात आणि बंदूक पेटीत तशीच असते. वडिलांच्या निधनाबरोबर त्यांचा परवाना संपलेला असतो, आणि ती पेटी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या हाती आता विनापरवाना शस्त्र आहे. ते विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, असे कायद्याचे सांगणे आहे. वारसाला ते हवे असेल, तर तो स्वतःच्या नावे अर्ज करू शकतो, आणि त्यासाठी वडील जाण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगलेले असेल, तर तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. वारसाला मात्र प्रशिक्षण, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलिस चौकशी व साठवणुकीची हमी या सर्व पायऱ्या पहिल्यापासून चढाव्या लागतात. कुणालाच ते नको असेल, तर विक्रेत्यामार्फत दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते किंवा सरकारजमा करता येते. दोन्ही वेळा मिळालेली पावती मूळ परवान्यासोबत जपून ठेवावी. शस्त्र घरात नसल्याचा पुढील चौकशीतील पुरावा तीच असते.